ओल्ड हॉस रॅडबर्नच्या नावाने फिरणाऱ्या पोस्टला उत्तर

जसप्रीत बुमराला एखाद्या कसोटीत विश्रांती दिली, की क्रिकेटच्या ग्रुपांवर बेसबॉलची एक गोष्ट हमखास येऊन पडते. मजकूर थोडाफार बदलतो, सांगाडा तोच असतो. १८८४ साली अमेरिकेत चार्ल्स रॅडबर्न, टोपणनाव ‘ओल्ड हॉस’, नावाच्या पिचरने एका हंगामात एकट्याने ६० सामने जिंकले. संघातला दुसरा पिचर पळून गेला तेव्हा हा गडी म्हणाला, उरलेले सगळे सामने मी टाकतो, आणि रोज टाकले, शेवटपर्यंत स्वतःच. असं दुसऱ्या कुणालाच जमलं नाही. हात इतका दुखायचा की केस विंचरता येत नव्हते, तरी कुरकुर नाही, पैशाची मागणी नाही. तेव्हा ना फिजिओ होता, ना वर्कलोड मॅनेजमेंट. आजचे पिचर शंभर चेंडूंत दमतात, आपले बोलर दोन कसोटींत. शेवटी ठरलेलं वाक्य: तेव्हाची माणसंच वेगळी होती.

रॅडबर्न खरा होता आणि त्याचा १८८४चा हंगामही खरा आहे. ६७८ इनिंगहून जास्त टाकल्या, ४४१ स्ट्राइकआउट (म्हणजे चेंडू मारताच न आल्याने बाद झालेले फलंदाज), आणि सुरू केलेले ७३ सामने त्याने ७३च्या ७३ शेवटपर्यंत स्वतःच संपवले. संघ प्रॉव्हिडन्स ग्रेज, ऱ्होड आयलंड राज्यातला. हे आकडे बघून कुणाचाही आ वासेल, माझाही वासतो. म्हणूनच पोस्ट चिडचिड करायला लावते. इतका चांगला ऐवज हाताशी असताना त्यात पाणी घालायची गरज नव्हती, आणि आजच्या कुणाला तरी हिणवण्यासाठी त्याला वेठीला धरायची तर नव्हतीच.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: पिचर म्हणजे आपला बोलर, पण टोकं बदलत नाहीत, त्यामुळे तो सलग टाकत राहतो. सामना नऊ इनिंगचा, आणि प्रत्येक इनिंगमध्ये समोरच्या संघाचे तीन गडी बाद करायचे असतात. संघ जिंकला की तो विजय एका पिचरच्या खात्यावर मांडतात. आता पोस्टमधलं एकेक घेऊ.

“एका हंगामात ६० विजय”

५९ की ६०, यावर बेसबॉलचे आकडेवारीवाले अजून भांडतात, आणि भांडण एका सामन्याचं आहे. २८ जुलै १८८४, फिलाडेल्फिया. प्रॉव्हिडन्सकडून सुरुवात सायक्लोन मिलरने केली. पाच इनिंग झाल्या तेव्हा संघ ४-३ असा मागे होता. सहाव्या इनिंगमध्ये प्रॉव्हिडन्सने फलंदाजी करताना चार धावा काढल्या आणि आघाडी घेतली. त्यानंतर पिचिंगला रॅडबर्न आला, त्याने उरलेल्या चार इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही आणि सामना ११-४ असा खिशात घातला.

विजय कुणाचा? तेव्हाच्या स्कोअररने रॅडबर्नचा मांडला, कारण त्या दिवशी जास्त चांगला तोच ठरला. आजच्या नियमाने तो मिलरचा होतो, कारण संघाने आघाडी घेतली तेव्हा कागदावर पिचर मिलर होता. पहिला हिशोब धरला तर ६०, दुसरा धरला तर ५९. कुठलाही आकडा लिहा, पण विजय कुणाला द्यायचा याचा आजच्यासारखा ठरलेला नियम त्या काळी नव्हता, हे लक्षात असू द्या. हंगामभराचं हे खातं नंतरच्या लोकांनी जुने स्कोअर चाळून तयार केलं आहे. मला स्वतःला ५९ जास्त पटतो. एका विजयाने रॅडबर्न लहान होत नाही.

“रोज टाकले, सगळे सामने टाकले”

इथे फार डोकं चालवायची गरज नाही, वजाबाकी पुरे. प्रॉव्हिडन्सने त्या हंगामात ८४ जिंकले, २८ हरले, दोन बरोबरीत सुटले. एकूण ११४. रॅडबर्नने सुरुवात केली ७३ सामन्यांत. म्हणजे ४१ सामन्यांची सुरुवात दुसऱ्यांनी केली. त्यातले बरेचसे चार्ली स्वीनीचे, हाच तो पोस्टमधला पळून गेलेला. स्वीनीने प्रॉव्हिडन्ससाठी १७ विजय मिळवले होते, आणि ७ जूनला बॉस्टनविरुद्ध नऊ इनिंगच्या सामन्यात १९ स्ट्राइकआउट काढले होते. नऊ इनिंगमध्ये २० काढणारा माणूस मेजर लीगला, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलला, भेटला तो थेट १९८६ साली, रॉजर क्लेमेन्स. स्वीनी हा काही संघात भरतीला घेतलेला गडी नव्हता.

“रोज” हाही फुगवलेला शब्द. प्रॉव्हिडन्स ज्या लीगमध्ये होता ती नॅशनल लीग रविवारी खेळत नसे. हंगाम मे महिन्याच्या सुरुवातीला लागला आणि ऑक्टोबरच्या मध्यावर संपला. साडेपाच महिन्यांत ११४ सामने. जुलैअखेरपासून मात्र रॅडबर्नने खरोखरच बहुतेक सगळे सामने अंगावर घेतले, कधी एक दिवसाआड, कधी लागोपाठ. संघाने ओळीने २० सामने जिंकले ते याच काळात, आणि ती साखळी बफेलोच्या पड गॅल्विनने २-० अशी तोडली. हे एवढं सांगितलं तरी ऐकणारा गप्प होतो. मग “रोज” कशाला?

“असं दुसऱ्या कुणालाच जमलं नाही”

पोस्टमधलं हे वाक्य सगळ्यात जास्त दिशाभूल करतं, कारण त्यावरच पुढचा सगळा डोलारा उभा आहे. विजयांचा आकडा एकमेव आहे, मान्य. पण पोस्टचा रोख विजयांवर नाही, कष्टांवर आहे. आणि तेवढे कष्ट त्या काळात अनेक जण उपसत होते.

त्याच १८८४ साली, अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या लीगमध्ये, लुइव्हिलच्या गाय हेकरने ६७० इनिंग टाकल्या आणि ५२ सामने जिंकले. रॅडबर्नच्याच लीगमध्ये गॅल्विनच्या ६३६ इनिंग आणि ४६ विजय, बॉस्टनच्या चार्ली बफिंटनच्या ५८७ इनिंग आणि ४८ विजय. इनिंगचा विक्रम तर रॅडबर्नच्या नावावर नाहीच. तो सिनसिनाटीच्या विल व्हाइटचा आहे, १८७९ साली ६८०. व्हाइट चष्मा लावून खेळायचा, त्याच्यावर पोस्ट निघत नाहीत. आणि खुद्द रॅडबर्नने आदल्याच वर्षी, १८८३मध्ये, ६३२ इनिंग टाकून ४८ सामने जिंकले होते. म्हणजे १८८४ला त्याच्या अंगात अचानक काही संचारलं नाही. त्याच्या नोकरीचं ते रोजचं माप होतं, त्या वर्षी थोडं वाढलं.

दहा-पंधरा वर्षांच्या काळात, वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या अंगकाठीची माणसं सहाशेच्या वर इनिंग टाकतात आणि मग पुढच्या सव्वाशेहून जास्त वर्षांत एकही जण त्याच्या जवळ फिरकत नाही. यातून माणसांच्या हाडांबद्दल अनुमान काढायचं, की ज्या खेळात ती टाकत होती त्या खेळाबद्दल?

तो खेळ आजचा बेसबॉल नव्हता. आज पिचर फलंदाजाच्या पाटापासून ६० फूट ६ इंचांवर, रबराच्या पट्टीला पाय लावून टाकतो. १८८४मध्ये पट्टी नव्हती, चौकोन होता. त्याची पुढची रेघ ५० फुटांवर होती आणि तो सहा फूट लांब होता. पिचर त्या चौकोनात पावलं टाकत, छोटासा रनअप घेत येऊ शकत असे. डोक्यावरून हात आणून टाकण्यावरची बंदी नॅशनल लीगने त्याच हंगामापासून उठवली होती. क्रिकेटने हे २० वर्षं आधी, १८६४लाच केलं होतं. त्यामुळे जे पिचर तेव्हा नावारूपाला आलेले होते, त्यांचं शिक्षण खालून आणि बाजूने टाकण्यात झालेलं. रॅडबर्नची ख्याती निव्वळ वेगाची नव्हती. वेग बदलणं, चेंडू आत-बाहेर वळवणं, फलंदाजाला नको तिथे नेमका ठेवणं, हे त्याचं भांडवल होतं. ते ताकदीत कमी आहे असं मी म्हणत नाही, खांद्यावर पडणारा भार वेगळा आहे एवढंच. बापू नाडकर्णींनी १९६४च्या मद्रास कसोटीत सलग २१ षटकं निर्धाव टाकली, म्हणून एखाद्या वेगवान बोलरला “बघ, बापू दमले नाहीत” असं कुणी ऐकवत नाही. कारण त्यात काय चुकतंय ते आपल्याला लगेच कळतं. रॅडबर्नच्या बाबतीत कळत नाही, कारण खेळ परका आहे.

काही नियम पिचरला जाचकही होते, ते लपवायचं कारण नाही. फलंदाज चेंडू उंच हवा की खाली हवा ते मागून घेत असे आणि पिचरला तो त्या पट्ट्यात द्यावा लागे. फाउल, म्हणजे रेषेबाहेर मारलेला, चेंडू स्ट्राइक म्हणून फलंदाजाविरुद्ध धरत नसत. क्षेत्ररक्षक बहुतेक उघड्या हातांनी किंवा पातळ बोटकाप्या मोज्यांनी झेलत, त्यामुळे चुका ढिगाने होत. रॅडबर्नच्या पिचिंगवर झालेल्या धावांपैकी जवळपास निम्म्या त्याच्या खात्यावर लागतच नाहीत, त्या क्षेत्ररक्षकांच्या चुकांतून आलेल्या. पण फलंदाजाला फुकटात पहिल्या बेसवर जायला चार नाही, सहा खराब चेंडू लागत. शिवाय त्या वर्षी अमेरिकेत एकाच वेळी तीन मेजर लीग चालू होत्या, त्यामुळे चांगले फलंदाज पातळ पसरले होते.

नियमाने किती फरक पडतो ते पाहायला शिकागोचा बिल हचिन्सन घ्या. १८९२ साली त्याने ६२२ इनिंग टाकल्या, ३१४ स्ट्राइकआउट. १८९३च्या हंगामाला चौकोन गेला, पट्टी आली, अंतर ६० फूट ६ इंच झालं. प्रत्यक्षातली वाढ साडेदहा फुटांची नव्हे, कारण चौकोनाची मागची रेघ मुळात मागे होतीच आणि शेवटच्या काही वर्षांत पिचरला मागचा पाय तिथेच ठेवावा लागे. पाचेक फुटांचा खरा फरक. तेवढ्याने हचिन्सन, तोच माणूस, तोच क्लब, १८९३ला ३४८ इनिंगांवर आणि ८० स्ट्राइकआउटवर आला. त्या हिवाळ्यात शिकागोत माणसांची हाडं ठिसूळ झाली असं कुणी म्हणणार असेल तर ऐकायला मी तयार आहे. त्या वर्षी सगळ्यात जास्त इनिंग अमोस रूसीच्या, ४८२. आणि पुढे कधीच कुणी ५००ला पोचलं नाही.

“दुसरा पिचर पळून गेला, तर हा म्हणाला मी टाकतो. पैशाची मागणी नाही”

इथे पोस्टने गोष्ट उलटी करून ठेवली आहे.

जुलैच्या मध्यावर संघातून बाहेर बसवलेला पिचर होता खुद्द रॅडबर्न. स्वीनीचा उदय झाल्यावर दोघांत धुसफूस होती. बॉस्टनविरुद्धच्या एका सामन्यात रॅडबर्नचा पारा चढला आणि तो चेंडू नुसते लोंबवायला लागला. क्लबने मुद्दाम ढिलाई केल्याचा आरोप ठेवून त्याला बिनपगारी निलंबित केलं. तो युनियन असोसिएशन या नव्या लीगमधल्या सेंट लुइस संघात उडी मारणार अशी कुजबुज होती. त्या लीगमध्ये रिझर्व्ह क्लॉज, म्हणजे करार संपला तरी खेळाडूला क्लबशी बांधून ठेवणारी अट, नव्हता, हे त्यातलं आकर्षण.

मग २२ जुलै. समोर फिलाडेल्फिया. स्वीनी पिचिंगला, आणि सात इनिंगनंतर प्रॉव्हिडन्स ६-२ असा पुढे. मॅनेजर फ्रँक बॅनक्रॉफ्टने स्वीनीला सांगितलं, आता तू राइट फील्डला (बाहेरच्या मैदानात उजवीकडे) जा, मिलर टाकेल. स्वीनी ऐकेना. प्यायलेला होता असं सांगितलं जातं. वाद झाला, स्वीनी तावातावाने मैदान सोडून गेला. आता बदली खेळाडू घ्या की! नाही घेता येत. त्या काळच्या नियमानुसार गडी जखमी झाला तरच बदली मिळे, आणि स्वीनी ठणठणीत होता. प्रॉव्हिडन्सला उरलेला सामना आठ जणांनी खेळावा लागला. बाहेरच्या मैदानात तिघांऐवजी दोघं. व्हायचं तेच झालं, ६-२चा सामना १०-६ असा हरले.

हा प्रसंग सविस्तर सांगितला, कारण पोस्टमधल्या “शेवटपर्यंत स्वतःच टाकायचे” या कौतुकाचं उत्तर यातच आहे. पिचर बदलायचा तर मैदानावर आधीच उभ्या असलेल्या नऊ जणांतूनच बदलायचा. म्हणून क्लब दुसरा पिचर राइट फील्डला उभा करत. बाहेरून ताज्या दमाचा माणूस आणण्याची मुभा १८९१ला पूर्ण मिळाली. ७३पैकी ७३ सामने पूर्ण करण्यात रॅडबर्नची चिकाटी आहेच, पण तेव्हा सगळेच पूर्ण करत, कारण दुसरी सोय नव्हती.

स्वीनीची हकालपट्टी झाली. तो युनियन असोसिएशनमध्ये गेला. निलंबित रॅडबर्न घरात. प्रॉव्हिडन्सचे संचालक क्लबच गुंडाळायच्या विचारापर्यंत आले होते. अशा वेळी रॅडबर्नने देऊ केलं, की उरलेला हंगाम मी ओढतो, आणि त्याची किंमत सांगितली. वाढीव पैसे, आणि हंगाम संपल्यावर रिझर्व्ह क्लॉजमधून सुटका.

पैशापेक्षा दुसरी अट मोठी होती. १८७९पासून क्लबांनी आपसात ठरवून घेतलं होतं, की ठरावीक खेळाडूंना क्लब ‘राखून’ ठेवेल आणि दुसरा कुणी त्यांना हात लावणार नाही. सुरुवातीला क्लबमागे पाच खेळाडू, १८८३पर्यंत अकरा. म्हणजे जवळपास सगळा संघच. करार संपला तरी खेळाडू मोकळा नाही, क्लब देईल त्या पगारावर खेळा नाहीतर घरी बसा. रॅडबर्न खाटकाचा मुलगा, स्वतःही खाटिकखान्यात राबलेला, रेल्वेत ब्रेकमनची नोकरी केलेला. आपल्या हाताला या आठवड्यात काय भाव येतो ते त्याला नेमकं कळत होतं, आणि तो त्याने वसूल केला. मला तो याच कारणाने जास्त आवडतो. पोस्टवाल्यांनी त्याला बिनतक्रार राबणारा बैल केला, त्याने मात्र व्यवहार केला होता, आणि चोख केला होता.

हंगामाअखेर तो मोकळा झाला आणि पुन्हा प्रॉव्हिडन्सशीच करार केला, हा गंमतीचा भाग. १८८५ नंतर तो क्लब मोडला आणि रॅडबर्न बॉस्टनला गेला. १८९०मध्ये खेळाडूंच्या संघटनेने मालकांच्या जाचाला कंटाळून स्वतःची प्लेयर्स लीग काढली. तिचा म्होरक्या जॉन माँटगोमेरी वॉर्ड, प्रॉव्हिडन्समधला रॅडबर्नचा जुना जोडीदार पिचर. रॅडबर्नही त्या लीगमध्ये गेला आणि पस्तिसाव्या वर्षी बॉस्टनसाठी २७ सामने जिंकून दिले. “कुरकुर नाही” म्हणे.

“हात उचलत नव्हता, तरी टाकत राहिला”

केस विंचरण्याची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि ती खोटी मानायचं मला कारण दिसत नाही. असंही सांगतात की सामन्याच्या बरंच आधी तो मैदानावर येई, अगदी काही फुटांवरून हलके चेंडू टाकायला सुरुवात करी, मग हळूहळू मागे सरकत सेकंड बेसपर्यंत आणि त्याहीपलीकडे जाऊन तिथून फेकी, तेव्हा कुठे खांदा मोकळा होई. आजचा फिजिओ जे करवून घेतो, ते तो एकटा करत होता. वर्कलोड मॅनेजमेंट नव्हतं म्हणणाऱ्यांनी हे जरा पुन्हा वाचावं.

पण पोस्ट इथेच थांबते, दुखऱ्या हाताचं पुढे काय झालं ते सांगत नाही. आधीचंही सांगत नाही. १८८०मध्ये बफेलोकडे असताना रॅडबर्नचा खांदा असा दुखावला होता की सहा सामने खेळला तेही पिचर म्हणून नाही, आणि मग क्लबने त्याला सोडून दिलं. पोलादी शरीर वगैरे नव्हतं. १८८४ला ४४१ स्ट्राइकआउट काढलेल्या माणसाचे १८८५ला १५४ झाले. लीगभर त्या वर्षी स्ट्राइकआउट घटले, तेव्हा सगळं खापर खांद्यावर फोडता येणार नाही. पण विजयही ६०वरून (किंवा ५९वरून) २८वर आले. १८८६ला बॉस्टनमध्ये २७ जिंकले आणि ३१ हरले. १८८८ला ७ जिंकले, १६ हरले. मधे १८८९ आणि १८९० बरे गेले. १८९१ला सिनसिनाटीत ११ जिंकून, १३ हरून तो थांबला. अकरा हंगाम, तीनशेच्या वर विजय. त्यातले १०७-१०८ फक्त १८८३ आणि १८८४ या दोन वर्षांतले.

आणि रॅडबर्न हा त्यातल्या त्यात टिकलेला माणूस. शिकागोचा लॅरी कोर्कोरन बघा. १८८० ते १८८४ या पाच हंगामांत १७० सामने जिंकले. जून १८८४मध्ये उजव्या हाताचं बोट दुखत होतं म्हणून एका सामन्यात चार इनिंग त्याने कधी उजव्या, कधी डाव्या हाताने टाकल्या. ऐकायला मजा वाटते, पण दुसरा पिचर मिळत नाही तेव्हा माणूस काय काय करतो त्याचा तो नमुना आहे. १८८५ला त्याचा खांदा गेला आणि कारकीर्द तिथेच संपल्यात जमा झाली. १८९१मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने तो वारला, वय ३२. हेकर ५२ विजयांनंतर पुढच्या वर्षी ३०वर आला, पुढे आणखी खाली. स्वीनीचा हात दोन वर्षांत संपला, १८८७ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसत नाही. या सगळ्यांचं वर्कलोड मॅनेज झालं नव्हतं, आणि त्याचं काय होतं ते आकड्यांत स्वच्छ दिसतं. पोस्टमध्ये फक्त रॅडबर्न येतो, कारण ज्याचा हात आधी तुटला त्याची गोष्ट कोण फॉरवर्ड करणार?

रॅडबर्न नंतर इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला परतला, तिथे बिलियर्डचा गुत्ता चालवला. शिकारीत चेहऱ्यावर गोळी लागून एक डोळा गेला, मग तो लोकांत मिसळेनासा झाला. ५ फेब्रुवारी १८९७ला गेला, तेव्हा ४२ वर्षांचा होता. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, १९३९मध्ये त्याला घेतलं.

“आजचे पिचर शंभर चेंडूंत दमतात”

दमत नाहीत, थांबवले जातात, आणि थांबवायला ताज्या दमाचे सात-आठ पिचर बाकावर बसलेले असतात. आजचा पिचर ताशी ९५ मैलांच्या आसपास, जवळजवळ प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतो, कारण समोरचा नववा फलंदाजही चेंडू प्रेक्षकांत भिरकावू शकतो. १८८४च्या पिचरला दुबळ्या फलंदाजांसमोर हात राखून टाकायची सवड होती, आणि लांबच्या हंगामात ती वापरावीच लागे. बुमराबद्दल म्हणाल, तर २०२४-२५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने दीडशेच्या वर षटकं टाकून ३२ बळी घेतले आणि सिडनीच्या शेवटच्या डावात पाठीमुळे त्याला चेंडू हातात घेता आला नाही. त्यानंतर इंग्लंडमध्ये पाचपैकी तीन कसोटी खेळायचं ठरलं, ते याच्या अनुभवावरून. त्याने खेळाव्यात की खेळू नयेत यावर वाद घाला. फक्त त्यात रॅडबर्नला साक्षीला बोलावू नका. आपल्या हाताची किंमत मालकाकडून वाजवून घेणारा तो माणूस, त्याची साक्ष बहुधा तुमच्या विरुद्ध जाईल.

राहता राहिला पोस्टसोबतचा फोटो. मागच्या रांगेत डाव्या टोकाला उभा, मिशाळ, शेजाऱ्याच्या आडून कॅमेऱ्याला मधलं बोट दाखवणारा. तो रॅडबर्नच आहे, यात वाद नाही, आणि त्या हावभावाचा कॅमेऱ्यात सापडलेला हा सगळ्यात जुना नमुना मानला जातो. पण खाली “प्रॉव्हिडन्स, १८८४चा विजेता संघ” असं जे लिहिलेलं असतं ते चूक. तो १८८६च्या हंगामाच्या सलामीला न्यूयॉर्कमध्ये काढलेला आहे, त्यात बॉस्टन आणि न्यूयॉर्क असे दोन्ही संघ उभे आहेत, आणि रॅडबर्न बॉस्टनकडून आहे.